वायरला मधेच बटन बसवायचं का? आईच्या खोलीतला टेबल लॅम्प आणि कूलर

औसेकर
१२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी लातूरला असतो, आई गावाकडं औसा तालुक्यात एकटी राहते. वय ६८, गुडघे दुखतात. घर किल्लारीच्या भूकंपानंतर बांधलेलं, म्हणजे वायरिंग १९९५ च्या आसपासची, तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. तिच्या खोलीत एकच बोर्ड आहे अन् तो कपाटाच्या मागं गेलाय. त्यातल्या दोन सॉकेटपैकी एकाला बटनच नाही, कायम चालू. त्याच्यातच टेबल लॅम्प असतो अन् उन्हाळ्यात दुसऱ्यात कूलर. लॅम्प बंद करायचा म्हणजे ती वाकून कपाटामागं हात घालते अन् वायर धरून पिन ओढते. परवा मी गेलतो तर पिनपाशी वायरचं कव्हर सोलून आतली तांब्याची तार दिसायलती. माझ्या पोटात गोळाच आला.

मला करायचंय ते दोन गोष्टी. लॅम्पच्या वायरला मधेच, उशीपाशी येईल असं बटन. अन् त्या बिनबटनाच्या सॉकेटला बटन. कूलरच्या वायरला पण मधे तसंच बटन बसवलं तर चालतं का? मला थोडंफार येतं, होल्डर बदलणं, पिन बसवणं एवढं करतो. पण हे बरोबर करायचंय. ज्यांनी केलंय त्यांनी नीट सांगा.

गोदाकाठची
१२ एप्रिल, रात्री १०:०५

आमच्या आजीच्या पलंगाला जुन्या काळचं लोंबतं बटन होतं, लांबट, हातात धरून दाबायचं. त्याला बेड स्विच म्हणतात, अजूनही मिळतं दुकानात. पण आता वायरच्या मधे बसणारं चपटं बटन येतं ते जास्त बरं, दुकानात इनलाइन स्विच म्हणून मागा. आईसाठी घेताय तर मोठं, अंधारात हाताला लागेल असं घ्या, अगदी बारीक सरकवायचं बटन म्हाताऱ्या बोटांना जमत नाही. आमच्याकडं दोन महिन्यात दोन तुटले, मग मोठं आणलं.

वायरमन_जिंतूर
१२ एप्रिल, रात्री ११:२०

मी बावीस वर्षं हेच काम करतो त्यामुळं जरा लांबण लागेल, वाचा पण पूर्ण.

लॅम्पला बटन बसवणं अवघड नाही. पण बटन कोणत्या तारेत बसवलं यावर सगळं आहे. फेज म्हणजे करंट घेऊन येणारी तार, न्यूट्रल म्हणजे परत जाणारी. बटन फेजमधेच पाहिजे. न्यूट्रल तोडून बटन बसवलं तरी बल्ब बंद होतो, म्हणून माणसाला वाटतं काम झालं. खरं तर होल्डरपर्यंत २३० व्होल्ट तसेच येऊन उभे राहतात. आई बल्ब बदलायला गेली, बटन बंद आहे म्हणून बिनधास्त होल्डरमधे बोट गेलं, की झालं.

अन् लॅम्पला बहुतेक वेळा टू पिन असते. टू पिन उलटी पण बसते, सुलटी पण बसते. आज तुम्ही टेस्टरनं बघून बरोबर फेजला बटन लावलं, उद्या आईनं पिन काढून उलटी घातली की तेच बटन न्यूट्रलमधे गेलं. म्हणून मी कुठल्याही लॅम्पला बटन लावताना टू पिन काढून टाकतो अन् ६ ॲम्पिअरचा थ्री पिन टॉप लावतो. वायर दोनच तारांची असली तरी चालतं, वरची जाड पिन रिकामी राहते, पण टॉप उलटा बसतच नाही त्यामुळं फेज कायम फेजलाच राहतो. लॅम्पची बॉडी लोखंडी असेल तर मात्र दोन तारांची वायर ठेवू नका, तीन तारांची घाला अन् अर्थची तार बॉडीला जोडा.

आता सॉकेट. समोरून बघितलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडं फेज, डावीकडं न्यूट्रल. जुन्या घरात निम्म्या ठिकाणी उलटं सापडतं. ते आधी टेस्टरनं बघा, उजव्या भोकात टेस्टरचा दिवा लागला पाहिजे. डावीकडं लागत असेल तर आधी बोर्ड सरळ करा, मग लॅम्पकडं वळा.

बसवताना पिन काढून, लॅम्प मांडीवर घेऊन काम करायचं. वरचं रबरी कव्हर बटनाच्या लांबीइतकंच सोला. तपकिरी तार असेल ती फेज, ती तोडून दोन टोकं बटनाच्या दोन स्क्रूत. निळी तार तोडायची नाही, तशीच बाजूनं जाऊ द्या. हिरवी-पिवळी असेल तर ती कधीच तोडायची नाही. साध्या चपट्या वायरीत दोन्ही तारा एकाच रंगाच्या असतात, तिथं पिनपासून बटनापर्यंत कुठली तार ते मल्टिमीटरनं बघूनच कापा. अन् बटनाच्या दोन्ही टोकाला वायर दाबून धरणारी पट्टी असते ती वरच्या कव्हरवर घट्ट बसली पाहिजे. ती नसली तर वायर ओढली की सगळा ताण स्क्रूवर येतो, अन् तुमच्या आईला वायर ओढायची सवय आहे हे तुम्हीच सांगितलं.

कूलरचं वेगळं लिहितो, त्याला वायरमधे बटन लावू नका एवढं आत्ताच सांगतो.

औसेकर
१३ एप्रिल, सकाळी ७:१५

दादा, लई उपकार. हे उलट्या पिनचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. एक विचारतो. तो लॅम्प मी मागच्या वर्षी एका दुकानातून बटनासकट आणलता, ते बटन बिघडलं म्हणून आई पिन ओढायला लागली. त्याच्यात एलईडी बल्ब आहे अन् बटन बंद केलं तरी रात्री अंधारात तो मिणमिणायचा. आई म्हणायची भुतासारखा पेटतोय. त्याचा ह्याच्याशी संबंध आहे का?

वायरमन_जिंतूर
१३ एप्रिल, सकाळी ८:०२

असू शकतो. एलईडीला अगदी थोडा करंट पुरतो, म्हणून बटन न्यूट्रलमधे असलं की तो असा मिणमिणतो. दुसरं कारण, बटनात लाल इंडिकेटर असेल तर त्याच्यातून थोडा करंट जात राहतो. तिसरं, लांब वायर फेजला चिकटून गेलेली असली तरी होतं. पिन उलटी घालून बघा, मिणमिणणं थांबलं तर बटन न्यूट्रलमधेच होतं समजा.

जालन्याची_लेक
१३ एप्रिल, दुपारी १:३०

कूलरवरून लिहायचं की नाही असा दोन तास विचार करत होते. लिहिते.

आमच्या घरात कूलरनं माणूस गेलंय. माझे चुलते. मे महिना होता, लाईट गेली होती, कूलरचं पाणी संपलेलं म्हणून ते बादलीनं पाणी टाकत होते, एक हात कूलरच्या पत्र्यावर. बटन बंद केलं नव्हतं कारण लाईटच नाही तर बटन कशाला. अन् मधेच लाईट आली. पंपाची वायर आत पाण्यात सोललेली होती. आमच्याकडं त्या वेळी अर्थिंग वगैरे काही नव्हतं, तीन पिनच्या टॉपमधे तिसरी तार जोडलेलीच नव्हती.

मला वायरिंगमधलं फार कळत नाही. एवढंच सांगते की पाणी भरायच्या आधी पिन काढून ती डोळ्यांसमोर ठेवायची, लाईट असो नसो. बटनावर विश्वास ठेवायचा नाही. उन्हाळ्यात आमच्या भागात दरवर्षी अशा बातम्या येतात अन् प्रत्येक वेळी मला ते पत्र्यावरचं हाताचं दृश्य आठवतं.

औसेकर
१३ एप्रिल, दुपारी २:१०

ताई, वाचून काही सुचेना. आईला लगेच फोन केला. ती पण लाईट गेल्यावरच पाणी भरते, म्हणाली तेव्हा कूलर बंद असतो ना. आजपासून पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही असं तिच्याकडून वदवून घेतलं.

परभणीकर
१३ एप्रिल, सायंकाळी ६:४५

कूलरसाठी डीपी स्विच लावा असं मला आमच्या वायरमनने सांगितलं होतं अन् मी दोन दिवस गोंधळात, कारण आमच्याकडं डीपी म्हणजे गावाबाहेरचं रोहित्र! डीपी जळाली, डीपीवर ऑइल नाही, हेच ऐकत मोठे झालो. नंतर कळलं की दोन्ही तारा एकदम तोडणारं बटन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिलं. जिंतूरवाले दादा, त्याचं जरा नीट सांगा.

वायरमन_जिंतूर
१३ एप्रिल, रात्री १०:३०

जालन्याच्या ताईंनी लिहिलं ते सगळ्यात महत्त्वाचं, ते परत वाचा.

साधं बटन एकच तार तोडतं. डबल पोल म्हणजे डीपी बटन फेज अन् न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी तोडतं. त्यामुळं मागं बोर्डात कुणी तारा उलट्या केल्या असल्या तरी कूलरकडं काहीच जात नाही. गिझरला लोक लावतात तेच ते मोठं इंडिकेटरवालं बटन. ते भिंतीवर, कूलरपासून हात-दोन हात लांब, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पाणी उडणार नाही अशा ठिकाणी बसवा. आईला वाकायला पण लागणार नाही. त्याच्या शेजारीच सॉकेट, म्हणजे पिन काढणं पण उभ्या-उभ्या होईल.

कूलरच्या वायरीत मधे बटन का नको. कूलर काही मोठा लोड नाही, पंखा-पंप मिळून दीडशे ते अडीचशे वॅटच्या आसपास, म्हणजे एक ॲम्पिअर. लोडनं ते बटन जळणार नाही. पण ती वायर जमिनीवर पडलेली असते, खाली पाणी सांडतं, पुसायला ओला फडका जातो, अन् बटनाची ती दोन तुकड्यांची डबी काही पाणी रोखणारी नसते. त्यात ओल गेली की बाहेरून हात लावला तरी झटका बसू शकतो.

आता अर्थिंग. बटन कुठलंही लावा, लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल तर अर्धं काम पण झालेलं नाही. पंपाची वायर आत सोलली की पत्रा फेज होऊन बसतो, अर्थिंग चांगलं असेल तर करंट तिकडं निघून जातो. आपल्याकडं एक अडचण अशी की अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात चांगला असतो अन् एप्रिल-मेमधे, जेव्हा कूलर चालतो तेव्हाच, जमीन भेगाळून कोरडी ठणठणीत. कोरडी जमीन करंट नीट घेत नाही. खड्ड्यात कोळसा-मीठ घालतात ते ओल धरायलाच. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओता, आंघोळीचं ओतलं तरी चालेल.

अन् एक पाप काही लोक करतात ते सांगून ठेवतो. अर्थिंगची तार नाही म्हणून सॉकेटमधल्या अर्थच्या भोकाला न्यूट्रलचीच तार वळवून देतात. दिसायला सगळं चालतं. पण मागं कुठं न्यूट्रल तुटला की कूलरचा, फ्रिजचा, सगळ्यांचा पत्रा एकदम फेज होतो. तुमच्या बोर्डात हे आहे का ते उघडल्यावर पहिलं बघा.

मेनपाशी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवा. करंट जेवढा गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे कुठंतरी माणसातून नाहीतर जमिनीत निघाला, की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाईट तोडतो. त्याच्यावर टेस्टचं बटन असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं. एमसीबी वेगळा. एमसीबी जादा लोड अन् शॉर्टसाठी असतो, तो माणूस वाचवायला बसवलेला नाही. दोन्ही पाहिजेत.

मास्तर_धाराशिव
१४ एप्रिल, सकाळी ६:५०

मी शाळेत विज्ञान शिकवतो. बटन घेताना त्यावर छापलेला आकडा वाचावा. वॅटला २३० नं भागलं की ॲम्पिअर येतात. ९ वॅटच्या एलईडीला ०.०४ ॲम्पिअर, कुठलंही बटन चालेल. १००० वॅटच्या इस्त्रीला ४.३. पाणी तापवायच्या १५०० वॅटच्या रॉडला ६.५, म्हणजे ६ ॲम्पिअरच्या सॉकेटच्याही वर. अन् वायरच्या मधे बसणाऱ्या काही बटनांवर फक्त २ ॲम्पिअर लिहिलेलं असतं.

आमच्या शेजारी एकांनी रॉडला सोय म्हणून मधे तसलंच बटन लावलं होतं. थंडीत एक दिवस जळका वास आला, जाऊन बघितलं तर बटन वितळून सतरंजीला चिकटलेलं. नशिबानं घरात माणसं जागी होती. रॉड, शेगडी, इस्त्री, गिझर यांच्या वायरीत मधे काही घालायचं नाही. यांना भिंतीतलं १६ ॲम्पिअरचं बटन अन् सॉकेट, मागं २.५ स्क्वेअर एमएमची तरी तार. बटनावर, सॉकेटवर, वायरवर आयएसआयचा शिक्का बघून घ्या, बटनाला आयएस ३८५४, पिन-सॉकेटला आयएस १२९३, पीव्हीसी वायरला आयएस ६९४ हा नंबर असतो. दहा-वीस रुपयांसाठी बिनशिक्क्याचं घेऊ नका.

खुलताबादी
१४ एप्रिल, सकाळी ११:१५

विषय थोडा बाजूला जातोय पण बिनबटनाच्या सॉकेटवरून आठवलं. आमच्याकडं टीव्हीमागं पण तसंच कायम चालू सॉकेट होतं. सेट टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला की बंद झाला असं वाटतं, मी मीटर लावून बघितलं तर ९ वॅट चालूच. दिवसाला २१६ वॅट-तास, वर्षाला जवळजवळ ७९ युनिट नुसते झोपलेल्या डब्याला. आता एका बटनाच्या बोर्डावर टीव्ही, बॉक्स, स्पीकर सगळं घेतलं अन् झोपताना ते एकच बटन बंद. मोबाईलच्या चार्जरचं लोक उगीच टेन्शन घेतात, नुसता लटकलेला चार्जर अगदी नगण्य खातो. ते मी मोजायला गेलो तर मीटरनं आकडाच दाखवला नाही.

नांदेडची_पोरगी
१४ एप्रिल, दुपारी ४:००

औसेकर दादा, मी आईसाठी वायफायचा स्मार्ट प्लग लावलाय, मोबाईलवरून इकडून बंद-चालू करता येतो. तुमच्या गावात नेट नीट असेल तर विचार करा. नेट नसेल तर रिमोटवाला पण येतो. एक गोष्ट मात्र बघून घ्या, लाईट जाऊन आल्यावर तो चालू होऊन येतो का बंद राहतो, बऱ्याच प्लगमधे ती सेटिंग असते. मी बंद राहील अशी ठेवलीय, ताईंचा अनुभव वाचून बरंच वाटलं की तशी ठेवली. कूलरला मात्र मी तो लावलेला नाही, पाणी भरताना तिनं पिनच काढायची.

परभणीकर
१४ एप्रिल, सायंकाळी ७:२०

अजून एक, मेन बंद करून बोर्ड उघडणार असाल तर घरात इन्व्हर्टर आहे का बघा. माझ्या मेव्हण्यानं मेन पाडला, सगळा अंधार झाला नाही म्हणून चक्रावला, तेवढ्यात लक्षात आलं की इन्व्हर्टर चालू आहे अन् तोच पॉइंट इन्व्हर्टरवरचा. मेन पाडल्यावर पण टेस्टर लावून बघायचा, अन् तो टेस्टर आधी दुसऱ्या चालू सॉकेटला लावून चालतो का बघायचा.

वायरमन_जिंतूर
१४ एप्रिल, रात्री ९:५५

बरोबर. अन् औसेकर, लॅम्प तुम्ही करा, मी सांगितलं तसं. पण भिंतीतला बोर्ड अन् अर्थिंग लायसनवाल्या माणसाकडूनच करून घ्या. तीस वर्षांची तार आहे, वाकवली की कव्हर चुरा होऊन पडतं, ते हाताळायची सवय लागते. तुम्ही शेजारी उभं राहून सगळं बघा अन् विचारा, चांगला माणूस सांगेल.

औसेकर
२१ एप्रिल, रात्री ८:३०

शनिवार-रविवार गावाला जाऊन आलो, काय काय झालं ते सांगतो, इतक्या जणांनी वेळ दिला तर सांगायलाच पाहिजे.

लॅम्प आधी. पिन उलटी घालून बघितली, मिणमिणणं थांबलं. म्हणजे दुकानातूनच आणलेल्या लॅम्पमधे बटन एका तारेत होतं अन् पिन कशीही बसायची, वर्षभर आई त्याच्याशी खेळत होती. सगळी वायर बदलली, थ्री पिन टॉप लावला, उशीपाशी मोठं बटन लावलं. लॅम्प प्लॅस्टिकचा आहे म्हणून दोन तारांचीच वायर ठेवली. बटन बंद करून होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावून बघितला, कुठंच लागला नाही.

मग बोर्ड. औशाहून एक वायरमन आणला. त्यानं पाटी उघडली अन् दादा तुम्ही म्हणला तेच निघालं, अर्थच्या भोकाला न्यूट्रलची छोटी तार वळवून दिलेली. त्यानं सांगितलं त्या काळात गावातल्या बऱ्याच घरात असंच करून ठेवलंय. फेज डावीकडं होता, तो पण सरळ केला. मी विचारलं हे पोरंसोरं असलेल्या घरात पण असंच असेल का, तो म्हणाला असेलच, म्हणून रविवारी शेजारच्या दोन घरचे बोर्ड पण उघडायला लावले. एका घरात तसंच होतं. तिथला पोरगा अंगणवाडीत जातो.

कपाट दोन फूट सरकवलं. आईच्या पलंगाच्या डोक्याशी, ती उभी राहिली की हाताला येईल एवढ्या उंचीवर डीपी बटन अन् सॉकेट काढलं, कूलर खिडकीशी, मधे चार हात अंतर. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला, हिरवी तार आत आणली. आरसीसीबी बसवला तर तो उभाच राहीना, लगेच पडायचा. एकेक करत पिना काढत गेलो, कूलरची पिन काढली की उभा राहायला लागला. कूलरची मागची जाळी उघडली तर पंपाची वायर लोखंडी कडेला घासून आतली तार उघडी पडलेली. किती दिवसांपासून ते देवाला माहीत. आई रोज त्याच पत्र्यावर हात ठेवून पाणी भरायची.

जालन्याची_लेक
२१ एप्रिल, रात्री ८:५०

पंप बदलला का?

औसेकर
२१ एप्रिल, रात्री ८:५८

हो ताई, पंप पण नवा अन् वायर पण. ती कडेला लागणार नाही अशी रबरी नळीतून आत नेली. आता आरसीसीबी उभा राहतोय, टेस्टचं बटन आईला दाबायला शिकवलं. ती त्याला अजून खटकाच म्हणते. आज सकाळी फोन करून तिनंच सांगितलं, पिन काढून उशीवर ठेवली, मग पाणी भरलं. अर्थिंगच्या खड्ड्यात पण दोन बादल्या टाकल्या म्हणे.